युरिया बायपास करू नका!

कळंबोली, उरण, जेएनपीटी पट्ट्यातले सर्व गाडीमालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री यांना कळकळीची विनंती

मंडळी, मी तुमच्यातलाच, दोन ट्रेलरचा मालक. बीएस-६ गाडीत डबी बसवून युरिया बंद करायचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. एका गाडीला मीही ती बसवली होती. आता काढली आहे. तुम्हीही काढा.

डिझेल जळताना इतकी उष्णता होते की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एक होऊन विषारी वायू बनतो. बीएस-४ मध्ये इंजिनाच्या एका किलोवॉट-तास कामामागे तो ३.५ ग्रॅमपर्यंत चालत होता; एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये मर्यादा अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. ही किमया निळ्या झाकणाच्या टाकीतल्या युरियाच्या द्रावणाची. गरम सायलेन्सरमध्ये त्याचा अमोनिया होतो आणि विषारी वायूचा पुन्हा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. डबी बसवली की फवारा बंद, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं सगळं ठीक आहे. पीयूसीतही सापडत नाही, कारण तिथे डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात. हा वायू धुरासारखा काळा दिसत नाही. पण छातीत उतरतो, दमेकऱ्याला बेजार करतो, उन्हात त्यापासून ओझोन तयार होतो. सगळ्यात आधी तो कोणाच्या छातीत जातो? पार्किंगच्या रांगेत केबिनमध्ये झोपलेल्या आपल्याच ड्रायव्हर-क्लीनरच्या.

काहीजण डबी बसवत नाहीत, पण शेतीचा युरिया पिंपात कालवून भरतात. एका गॅरेजमध्ये ते पिंप मी पाहिलं. वर कडुनिंबाच्या तेलाचा तवंग होता. बाजूला उघडलेल्या नोझलवर मिठासारखा पांढरा खडा धरला होता. शुद्ध द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि क्षार काढलेलं पाणी असतं. बोअरचं पाणी त्यात चालत नाही. शंभर लिटर डिझेलमागे ते साधारण चार-पाच लिटर लागतं. तेवढ्या बचतीपायी अख्खा सायलेन्सर बदलायची पाळी येते.

मालकांनो, सीलबंद कॅन घ्या, आणि ड्रायव्हरला त्याचे पैसे वेगळे द्या, डिझेलच्या हिशोबात धरू नका. ड्रायव्हर भावांनो, डिझेलचं नरसाळं या टाकीला लावू नका. रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवू नका. सायलेन्सर थंडावला की युरिया फवारलाच जात नाही. आणि मिस्त्री, तुम्ही हात आखडलात तर डबी बसणारच नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा.