झाकणे आणि पुसणे

मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतील नक्षीदार सिमेंटच्या फरशांवर लाकडी जमीन अंथरण्याची रीत आता रुळली आहे. तिला सरसकट अभिरुचीचा ऱ्हास म्हणणे अन्यायाचे ठरेल. खचलेल्या, तडकलेल्या फरशांवर रोज वावरणाऱ्याला वारशाची प्रवचने देणे सोपे असते.

खरा प्रश्न झाकण्याच्या पद्धतीचा आहे. या फरशा भट्टीत भाजलेल्या नसतात. त्या दाबयंत्राखाली घडवतात आणि त्यांची नक्षी वरच्या काही मिलिमीटरच्या थरातच असते. १९२२ साली सुरू झालेल्या ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’च्या कारखान्यामागे स्वदेशीची प्रेरणा होती, हेही विसरू नये. अशा फरशीवर सरस फासून फळ्या चिकटवल्या, तर पुढे त्या उखडताना नक्षीही सोलून निघण्याचा धोका असतो. उलट फोमच्या अस्तरावर एकमेकींत अडकवलेल्या फळ्या न चिकटवता अंथरल्या, भिंतीलगत सुमारे १० मिलिमीटर फट सोडली, तर पावसाळ्यात लाकडाला फुगायला जागा मिळते आणि खालची फरशी शाबूत राहते. तळमजल्यावर जमिनीतून ओल चढत असेल, तर मात्र हाही उपाय टाळावा. कोंडलेली ओल लाकूड कुजवते.

पाठचिकित्सेत संपादक आपण स्वीकारलेला पाठ वर छापतो, पण नाकारलेले पाठभेद तळटीपांत जपतो. आपला निर्णय पुढच्या अभ्यासकाला फिरवता यावा, एवढी मोकळीक तो ठेवतो. घर दुरुस्त करणाऱ्याकडून याहून अधिक अपेक्षा नाही. पण याहून कमीही नसावी.