पाच मार्कांची कविता

फेब्रुवारी लागला की दहावीच्या पोरांची इंग्रजीची उजळणी सुरू होते. उजळणी म्हणजे काय, तर अलंकारांची नावं. सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन, अॅलिटरेशन. आम्ही पाढे म्हणायचो त्याच चालीत पोरं ही नावं म्हणतात. नावांशी माझं भांडण नाही. तिफण, कुळव, वखर यांना नावं नसती तर गड्याला काय आण म्हणून सांगितलं असतं? पण तिफणीचं नाव तेवढं पाठ आणि तिफण कधी हातात धरली नाही, अशा माणसाच्या भरवशावर पेरणी कोण सोडील? इंग्रजीच्या पेपरात मात्र त्यालाच पैकीच्या पैकी मिळतात. भांडण आहे ते इथं.

माझ्या नातीच्या दहावीच्या पुस्तकात रवींद्रनाथ टागोरांची 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर' ही कविता होती. मूळ बंगालीतली, इंग्रजीत त्यांनी स्वतःच आणलेली. इंग्रजी 'गीतांजली' 1912 साली निघाली आणि पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. अशा कवितेचं रसग्रहण हा पाच मार्कांचा प्रश्न. त्याचे खण ठरलेले: कवितेचं नाव, कवीचं नाव, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. गाईडात सगळं भरून तयार असतं. यमक नाही, अलंकार मेटाफर, पुढं चला.

मी म्हणलं, "बाई, मेटाफर आहे खरं, पण कशात आहे?"

ती म्हणाली, "आबा, तेवढं नाही विचारत पेपरात."

मन निर्भय असावं असं सांगणारी कविता, आणि ती शिकायची तर मार्क जातील या भीतीनं!

मग दोघं बसलो. त्या कवितेत विचाराला वाहत्या पाण्याचं रूप दिलंय आणि मेलेल्या सवयींना वाळूचं. आता हे आमच्या पोरीला समजावून सांगायला कोण लागतं? आमचा ओढा शिमग्याच्या आत वाळूत गडप होतो, हे तिनं जन्मापासून पाहिलंय. 1972 च्या दुष्काळात माझ्या आईनं त्याच वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरलेली. हे मी सांगत होतो तर पोरगी मध्येच म्हणाली, "म्हणजे आबा, वाळूत पाणी मरत नाही. खाली असतंय, उकरावं लागतं. मग टागोरांचं चुकलं का?"

मी गप्पच झालो. चुकलं का नाही ते राहू द्या. कवी तिकडचा, नद्यांच्या मुलखातला. पण पोरीनं नोबेलवाल्या कवीला आपल्या ओढ्याच्या जोरावर शंका विचारली. साहित्याची समीक्षा म्हणतात ती याहून वेगळी काय असते? तिनं ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत वहीत लिहिलं. वही तपासून आली. खाली लाल अक्षरात शेरा: गाईडप्रमाणे लिहा.

दुसरा प्रश्न असतो व्ह्यू-काउंटरव्ह्यूचा. मोबाईल चांगला का वाईट, असं काहीतरी. एक बाजू पेपरात छापलेली असते, उलटी बाजू आपण लिहायची. कल्पना नामी आहे. आडतीवर माल घेऊन जाणाऱ्यालाही समोरचा काय बोलणार हे आधी ठाऊक लागतं. पण गाईडातली उलटी बाजू म्हणजे 'मोरओव्हर', 'ऑन द अदर हँड' असल्या शब्दांची तोरणं, आत पुराव्याचा दाणा नाही. पुरावा लागतो हेच पोरांना कळत नाही. गंमत अशी, की वादविवादातला 'क्लेम' हा इंग्रजी शब्द आमच्याकडं शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही येतो. पीकविम्यानं शिकवला. नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवायचं, गट नंबर द्यायचा, फोटो काढायचा. नुसत्या क्लेमनं दमडी मिळत नाही.

मागं माझं सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हा विमा कंपनीचं उत्तर इंग्रजीत आलं. नकार होता. पुतण्याला वाचायला बसवला. दहावीला इंग्रजीत ऐंशीच्या वर मार्क पडलेला गडी. शब्द त्यानं घडाघडा वाचले. पण त्यांचा नकार कशाच्या आधारावर उभा आहे, ते त्याला सांगता येईना. तासाभरानं उलगडलं, की तुम्ही मुदतीत कळवलं नाही एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मी मुदतीत फोन केल्याचा तक्रार नंबर कॅलेंडरवर लिहिलेला होता! त्यांचा दावा पाडणारा पुरावा भिंतीवर, अन् तो इंग्रजीत मांडायला तालुक्याच्या टायपिंगवाल्याला दोनशे रुपये.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. 2000 सालापासून ते पहिलीपासून आहे. दहा वर्षं शिकून एक अर्ज येत नसेल तर दोष पोरांच्या डोक्याचा नाही.

काहीजण म्हणतात, खेड्यातल्या पोरांना इंग्रजी हवंच कशाला. त्यांची स्वतःची पोरं कुठल्या शाळेत आहेत ते आधी सांगा म्हणावं. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि 1882 साली हंटर कमिशनपुढं त्यांनी इंग्रजीतून निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गासाठी. म्हणून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. दावा, त्याचं कारण, त्यावरून मागणी, सगळं जागच्या जागी. हे निवेदन इंग्रजीच्या तासाला का वाचत नाहीत? यात व्ह्यू आहे, काउंटरव्ह्यू आहे, आणि विषय आमच्या घरचा आहे.

मास्तर म्हणतात, वर्गात साठ पोरं, त्यात निवडणुकीची कामं, पोर्शन कधी संपवू? खरं आहे त्यांचं. म्हणून माझं मागणं पेपर काढणाऱ्यांकडं आहे. कवितेचे पाच मार्क आहेत तेवढेच ठेवा. त्यातले दोन पोराच्या स्वतःच्या शंकेला द्या. उत्तरं एकसारखी येणार नाहीत, तपासणाऱ्याला प्रत्येक वही वाचावी लागेल. लागू द्या.