व्यायाम : आवेशाचा कीं नित्याचा ?

हल्लीं आम्हां विद्यार्थ्यांत चार मिनिटांच्या व्यायामाचें मोठें वेड आहे. २० सेकंद जीव तोडून उड्या माराव्या, १० सेकंद थांबावें, असें ८ वेळां करावें, कीं झालें ! या पद्धतीस इझुमी ताबाता या जपानी संशोधकांचें नांव पडलें आहे. परंतु त्यांचा १९९६ सालचा प्रयोग काय होता ? त्यांतील तरुण शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी, बहुतेक खेळाडूच. ते जागेवरच्या सायकलीवर बसत, आणि सातव्या-आठव्या फेरीस अगदीं गलितगात्र होत. पुस्तकांत मान घालून बसणाऱ्या आम्हांस तें माप कसें बसावें ?

त्यानें दम वाढतो, वेळ वांचतो, हें मी नाकारीत नाहीं. मींहि तो करून पाहिला. नवव्या दिवशीं गुडघा दुखूं लागला. आणि (खरें सांगावयाचें तर) गुडघा बरा झाल्यावरहि मी तिकडे फिरकलों नाहीं. व्यायामाची धास्तीच बसली, ही खरी हानि.

त्यापेक्षां सर्वांगाचा, सोसेल असा व्यायाम मला श्रेयस्कर वाटतो. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार चालू केले होते. त्यांत खांदे, पाठ, पोट, मांड्या, सर्वांस काम मिळतें. साहित्य कांहीं लागत नाहीं. आणि संख्या शक्तीप्रमाणें वाढवितां येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें अंगमेहनत सांगितली आहे; चार मिनिटांत तो हिशेब कसा पुरा व्हावा ?

मीं १२ नमस्कारांनीं आरंभ केला व दर आठवड्यास दोन वाढविले. आज पाऊस होता, तरी पडवींत २४ झाले. धाप लागली, पण आईनें हांक मारली तेव्हां 'ओ' देतां आली.