तळ्यातील बिऱ्हाडे

गतवर्षी दसऱ्याच्या सुटीआधी संतपूरजवळच्या तळ्यातील (आमचे कानडी शेजारी त्यास 'केरे' म्हणतात) 'घाण' काढण्याचे श्रमदान आम्हीच योजिले होते. दोन तासांत काठावर शेवाळाचा ओला ढीग उभा राहिला. मुले दमून बसली, तोच आठवीतला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ढीग हलतोय!"

खरोखरच हलत होता. आपण सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात निरनिराळ्या वनस्पती होत्या आणि प्रत्येकीवरचे बिऱ्हाड निराळे होते. पांढऱ्या थाळीत पाणी घेऊन आम्ही एकेक जुडी झटकून पाहिली. व्हॅलिसनेरियाच्या फितीसारख्या गुळगुळीत पानांवर गोगलगायी तेवढ्या सापडल्या; पानांवर साठणारा सूक्ष्म थर त्या खरवडून खातात. हायड्रिलाची बारीक पाने देठाभोवती दाटलेली. त्या दाटीत टाचण्यांची पिल्ले दबा धरून होती, शेपटाशी पानांसारखे तीन कल्ले असलेली. सिरॅटोफायलमच्या दुभंगत गेलेल्या पानांत तर गर्दी विचारूच नये. पान जितके विभागलेले तितकी बसावयास जागा अधिक आणि माशांपासून आडोसाही अधिक, असा साधारण नियम आहे. मुळांना लागून आलेल्या चिखलात मात्र तांबड्या अळ्या होत्या. तळाशी प्राणवायू कमी. म्हणून त्यांच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते.

युरोपातील उथळ तळ्यांत पाणपिसवा दिवसा वनस्पतींत दडतात व रात्री मोकळ्या पाण्यात येतात. उष्ण प्रदेशांत हा आसरा तितका भरवशाचा ठरत नाही, कारण बारके मासे स्वतःच त्या झुडुपांत मुक्कामाला असतात.

हे सारे आम्ही उत्साहाने सांगत असता एक वृद्ध मेंढपाळ म्हणाले, "गुरुजी, ह्या गोगलगायींपायी मेंढरं मरतात, त्याचं काय?" आम्ही निरुत्तर झालो. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. लिम्निया जातीच्या गोगलगायींत यकृताचे चपटे कृमी वाढतात, बाहेर पडून काठच्या पानांना चिकटतात आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटात जातात.

अखेर मेंढरे उतरतात तेवढाच काठ मोकळा करावयाचा, बाकीच्यास हात लावावयाचा नाही, असे ठरले. ढीग मुलांनी परत पाण्यात लोटला. टाचण्यांची बहुतेक पिल्ले तोवर उन्हात सुकून गेली होती. मेंढपाळबाबा अजून कुरकुरतात, भेटले की विचारतात, "गुरुजी, उरलेलं कधी काढता?"