मुळशीच्या तळ्याकाठीं

चैत्रांत मुळशीच्या काठीं राहुट्या ठोकून एक रात्र घालविण्याचा प्रघात तरुण मंडळींत वाढला आहे. तो मला मान्य आहे. वसंत केवळ काव्यांत वाचावयाचा नसतो. परंतु ज्या पाण्यास आपण रम्य म्हणतों, त्याच्या तळाशीं भातशेतें व घरें आहेत, हें मुलांस कोणी सांगतो काय? मुळा व निळा या नद्या अडवून, त्यांचें पाणी सह्याद्रीखालीं भिऱ्यास सोडून मुंबईकरितां वीज उत्पन्न करावयाची, अशी टाटा कंपनीची योजना होती. तीविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं, ऐन रामनवमीस, मावळे बायकामुलांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढें सेनापति बापटांनीं आगगाडी अडविली व सात वर्षांची शिक्षा पत्करली. लढा मोडला कशानें? सरकारी दडपशाही होतीच. पण बहुतेक जमिनी ज्यांच्याकडे होत्या, त्या पुण्याच्या सावकारांनीं मोबदला घेऊन अंग काढून घेतलें. हे सावकार बहुतांशीं आपल्याच ज्ञातीचे होते, हें या मासिकाच्या वाचकांपासून कां लपवावें? भिऱ्याचें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें. बुडालेल्या गांवांतील कित्येकांचे वंशज आजही वरच्या डोंगरउतारांवर राहतात. राहुटी ठोकण्यापूर्वीं मुलांनीं त्यांच्या अंगणांत घटकाभर बसावें व पाण्याखालच्या गांवांचीं नांवें वहींत उतरून घ्यावीं.