गणपतीला मॉरिशस

मॉरिशसला कधी जावं, असं विचारणाऱ्यांना आम्ही हल्ली गणपतीत जा म्हणतो. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबायला जहाजातून गेलेल्या कोकणातल्या माणसांचे वंशज एरवी क्रिओल बोलतात. मूर्ती पाण्याकडे निघाली की आरत्या मात्र मराठीच. शिवाय विषुववृत्ताच्या पलीकडे तेव्हा थंडी सरत आलेली असते. जानेवारी ते मार्च टाळाच, ते चक्रीवादळांचे दिवस. घड्याळ दीड तास मागे करा, बॅगेत एक पातळ स्वेटर टाका (घरचे हसतील, हसू द्या), आणि चारही दिवस हॉटेलच्या खुर्चीत लोळण्यापेक्षा एक संध्याकाळ विसर्जनाच्या वाटेवर उभे राहा. मागे ऊस, पुढे समुद्र, मधे झांजा.