एका पायावरचा बासरीवाला

आमच्या मेहुण्याच्या मते शेजाऱ्याने येऊन दार ठोठावलं, तरच ते रॉक संगीत. 'जेथ्रो टल'चं नाव काढलं की स्वारी 'अक्वालंग'चे ते सहा सूर तोंडाने वाजवते आणि विषय संपला म्हणते.

माझं भांडण तिथेच सुरू होतं. अहो, १९७१ सालच्या त्याच तबकडीवर 'चीप डे रिटर्न' आहे. लांबी दीड मिनिटसुद्धा नाही. आपल्याकडे तेवढ्यात तंबोरे जुळत नाहीत! इअन अँडरसन, तोच तो एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा, ब्लॅकपूलला आजारी वडिलांना भेटून परत निघालाय. स्वस्तातलं जाऊन-येऊन तिकीट, रेल्वेचा फलाट आणि नर्स त्यांच्याकडे नीट बघत असेल ना, ही काळजी. बस्स.

"भावोजी, हे भरतीचं गाणं!" इति मेहुणा.

तो एकटाच नाही म्हणा. १९८९ साली ग्रॅमीवाल्यांनीही मेटालिकाला डावलून 'हार्ड रॉक-मेटल'चं बक्षीस यांनाच दिलं! पण मूळचा जेथ्रो टल कोण? १७०१च्या सुमारास पेरणीयंत्र काढणारा इंग्रज शेतकरी. म्हणजे आपली पाभरच समजा. पाभरवाल्याचं नाव लावणारे ऋतूंची गाणी गाणार नाहीत तर कोण गाणार? १९६८ सालचं 'अ ख्रिसमस साँग' घ्या. एका तबकडीच्या उलट्या बाजूला दडवलेलं, मँडोलिनवरचं. सण म्हणजे नुसतं खाणं-पिणं समजणाऱ्यांचे ते असे कान उपटतं, की दिवाळीत ऐकताना माझी चौथी करंजी घशात अडकली. १९७६ सालचं 'रिंग आउट, सॉल्स्टिस बेल्स' तर थेट सूर्य उत्तरेकडे वळतो त्या दिवसाचं. चाल सात मात्रांची. मेहुणा चार मोजून टाळी देतो आणि वर म्हणतो, "बँड चुकला."

गेल्या हिवाळ्यात सासरे दवाखान्यात होते. मेहुणा रोज रात्रीच्या गाडीने परत यायचा. एकदा आला, चपला न काढताच बसला आणि म्हणाला, "भावोजी, ते दीड मिनिटाचं लावा." लावलं. संपलं. "पुन्हा लावा." चार वेळा लावलं. शेजाऱ्याने दार ठोठावलं नाही.

सासरे आता खणखणीत आहेत. मेहुण्याचे सहा सूरही पुन्हा सुरू झालेत. आमचं भांडण चालू आहे.